मदत हवी आहे: १६ कॅमेरे एकदम लावले की पीसी अडखळतो

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांची शेड, गोडाऊन आणि गेट मिळून १६ आयपी कॅमेरे, सगळे एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत). ऑफिसच्या पीसीवर सगळे एकदम उघडले की चित्र अडकत अडकत पुढं सरकतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के आणि जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) ‘व्हिडिओ डीकोड’, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडण्याचा आलेख शून्यावर. म्हणजे सगळा भार एकटा प्रोसेसर ओढतोय.

पीसी चौथ्या पिढीचा इंटेल आय५ आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यातलं ग्राफिक्स जुनं एच.२६४ हार्डवेअरवर उलगडतं, पण एच.२६५ ची सोय सहाव्या पिढीपासून आली. कॅमेरे एच.२६४ वर नेले तर रेकॉर्डिंग जास्त जागा खाईल, ते परवडणार नाही. सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी रेझोल्यूशनचं दुसरं चित्र) लावला की पीसी सुटसुटीत चालतो; शेडला तेवढं पुरतं, पण गेटवर टेम्पोचा नंबर वाचता येत नाही आणि माल चढताना तोच तर बघायचा असतो.

दुकानदार एनव्हिडियाचं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो. त्यात एच.२६५ डीकोड नाही, म्हणून ते नको. जीटी १०३० मध्ये आहे. पण आमचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाचं डीकोडिंग वापरतं की फक्त इंटेल क्विक सिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधली तीच सोय), हे कुठं तपासायचं? की सरळ नवा पीसी घ्यावा, नावात ‘एफ’ नसलेला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बघून?

असा सेटअप कुणी चालवत असेल तर कृपया सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय.