मदत हवी आहे: आयर्विनला किती फूट झाल्यावर घर सोडायचं?

मोरपंखी_०७

आईबाबा सांगलीत, गावभागाच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. मी पुण्यात. सांगलीकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: पावसाळ्यात आमच्याकडे लोक 'कसं काय' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ ला धोका.

२००५ ला पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. बाबांनी तिथे खिळा ठोकला आणि त्या खिळ्यावर पुढची चौदा वर्षं काढली. २०१९ ला पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. पाणी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढलं. दोघं ऐनवेळी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले, आणि मी दोन दिवस नुसती फोन लावत बसले. २०२१ लाही काकूंचंच घर.

आता अडचण अशी की काकूंनी फ्लॅट विकला, वर कुलूप आहे. बाबांना गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालतात, जिना अजिबात नाही. आईला दिवसातून दोनदा इन्सुलिन. म्हणजे आधीचा बेत पूर्ण बाद, आणि बाबा अजून 'पाणी आलं की बघू' यावरच अडलेत. नेमकं काय ठरवून ठेवू? कधी हलवायचं, कुठे, सोबत काय? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

भडंग_आणि_चहा

ताई, मी दत्तनगरचा. आमच्याकडे पाणी सगळ्यांच्या आधी येतं, त्यामुळे या विषयात पीएचडी आहे म्हणा.

तुमचा प्रश्नच थोडा चुकलाय. घरात पाणी किती फुटाला येतं हे विचारूच नका. गल्लीच्या तोंडाशी, जिथून रिक्षा बाहेर पडते, तिथे किती फुटाला येतं ते विचारा. घर कोरडं असतं, माणूस निवांत चहा पीत असतो आणि रस्ता कधीच बंद झालेला असतो. २०१९ ला आमच्या मागच्या घरातले आजोबा असेच अडकले. उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, पण कोपऱ्यावर छातीभर. शेवटी बोटीतून काढले. चालता न येणाऱ्या माणसाला हलत्या बोटीत बसवणं काय असतं ते मी बघितलंय, तुमच्या बाबांवर ती वेळ येऊ देऊ नका.

कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारा, त्याला तो आकडा पाठ असतो. त्यातून चार फूट वजा करा. तो तुमचा निघायचा आकडा. आणि अंधार पडायच्या आत निघायचं. दुपारी चारला पातळी तुमच्या आकड्याच्या जवळ असेल आणि चढती असेल, तर रात्रीची वाट बघायची नाही.

कराडकर

वरच्या मुद्द्याला जोड. सांगलीत ऊन पडलंय म्हणून निवांत राहू नका, पाणी वरून येतं. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. धरण भरत आलं आणि महाबळेश्वर-नवजाला कोसळत असेल तर विसर्ग वाढणारच. धरणाच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सोडले, या बातमीने घाबरू नका, ते नेहमीचंच. सहा वक्र दरवाजे उचलले आणि विसर्ग दिवसात दोनदा वाढवला, की पिशवी दाराशी आणायची. शिवाय हरिपूरला वारणा मिळते. तीही फुगलेली असली की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं.

टिटवी

असं दरवर्षी घाबरून पळत राहणार का? आमचे आजोबा पंच्याऐंशी वर्षं नदीकाठी राहिले.

भडंग_आणि_चहा

@टिटवी, चालत राहिले असतील ना? इथे पेशंटला उचलून न्यायचंय. दहा वेळा उगाच निघालो तर रिक्षाभाडं जाईल, तेवढंच.

वॉर्ड_नं_५

मी परिचारिका आहे, पुरात ड्यूटी केली आहे. मोघम सांगत नाही.

इन्सुलिन: लाईट सगळ्यात आधी जाते, फ्रिजवर विसंबू नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, पण तुमच्या प्रकाराचं डॉक्टरांना विचारून घ्या. न उघडलेलं मातीच्या लहान मडक्यात, पिशवीत गुंडाळून, मडक्याला ओलं फडकं. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलं की वाया. सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या लोक हमखास विसरतात. आणि साखर कमी झाली तर लागते म्हणून खडीसाखरेची पुडी.

बाबा: व्हीलचेअर पाण्यात निरुपयोगी. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्या, दोन माणसं दोन्ही बाजूंनी उचलतात. पण ही दोन माणसं कोण, ते आज ठरवा. नावं आणि नंबर कागदावर लिहून फ्रिजवर. पुराच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या घरचं उचलत असतो. बाबांना एकदा खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. हसतील, हसू देत.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टाकी खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तरंगते. पाणी दारातून नंतर येतं, आधी मोरीतून आणि संडासातून उलटं येतं. तिथे वाळूची पोती. पिण्याचं पाणी भरून ठेवा, पुरात पंपहाऊसच बुडालं की नळ कोरडे. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ आणि ११२ हे दोन नंबर आईच्या बटणाच्या फोनमध्ये घाला.

कराडकर

मोरपंखीताई, तुम्ही पुण्याहून गाडी काढून आणायला जाणार हा बेत असेल तर सोडा. २०१९ ला महामार्गच शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, आणि महामार्गावरच्या पेठ नाक्यावरून सांगली गाठता येईल याची खात्री नसते. न्यायला येणारा माणूस गावातलाच हवा.

मोरपंखी_०७

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सांगलीला जाऊन आले.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मामांना विचारलं. क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "सेहेचाळीसला माझ्या फळीला लागतं." म्हणजे आकडा ४२. बाबा ४५ वर अडून होते, मी ४० म्हणत होते, आई मध्ये पडली आणि भाजी बाजारात होते तशी घासाघीस होऊन ४२ लाच आलो. बाबांनी स्वतः खडूने दारामागे लिहिला. खुर्चीची तालीमही झाली. शेजारच्या दोन पोरांनी उचललं, बाबा कोपऱ्यापर्यंत एका हाताने काठी वर धरून नवरदेवासारखे बसले होते. परत येताना मात्र गप्प होते. खिळ्याकडे बघून म्हणाले, "तेव्हा मीच लोकांना उचलत होतो."

@वॉर्ड_नं_५, मडकं आणलं. मोरीच्या उलट्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, पोती भरून ठेवली.

एकच गोष्ट राहिली. ४२ ला निघून जायचं कुठे? मिरजेच्या मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विश्रामबाग किंवा त्याच्या वरच्या अंगाला जुलै-ऑगस्टपुरती तळमजल्याची खोली कुणाच्या माहितीत आहे का? संडास कमोडचा हवा, आणि दाराला उंच उंबरा नको.