मदत हवी आहे: रस्त्याच्या अंदाजपत्रकातले शब्द ग्रामसभेत साध्या मराठीत कसे सांगू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावाची मी सरपंच आहे. माती सगळी काळी. पावसाळ्यात गावातून चालायचं म्हणजे चपला हातात घ्याव्या लागतात. मारोतीच्या पारापासून जिल्हा परिषद शाळेपर्यंत सिमेंट रस्ता व्हावा म्हणून आम्ही दोन वर्षं हेलपाटे घातले, आणि शेवटी काम पंचवीस-पंधरात बसलं. (२५१५ हे लेखाशीर्ष आहे. योजनेचं लांबलचक नाव इकडे कोणी घेत नाही, आकड्यावरूनच काम ओळखतात.) रस्ता १८० मीटर लांब, ३ मीटर रुंद, आणि एका बाजूला नाली.

अडचण अशी आहे की कामावर १५ लाखांचा फलक लागला आणि त्याच आठवड्यात ठेकेदारानं ते साडेदहा लाखांत घेतल्याची बातमी गावात पसरली. मासिक सभेला आमच्याकडचे एक म्हातारे बाबा आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरपंचबाई, बोर्डावर पंधरा लाख लिवले, अन् ठेकेदार साडेदहात करून राह्यला. मंग साडेचार लाख कोणाच्या घरात गेले?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे कुठे जात नाहीत एवढं मला कळतं, पण ते समजावून सांगायला शब्दच नव्हते. बाबा काही भांडायला आले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला माणूस आहे, हिशेब विचारायचा त्यांना हक्क आहे. घरी जाताना मला फार वाईट वाटलं.

१ मेच्या ग्रामसभेत सगळं अंदाजपत्रक वाचून दाखवायचं ठरवलं आहे. उपविभागातून त्याची प्रत आणली. शाखा अभियंता साहेबांनी ती दिली आणि अर्धा तास बसून समजावलीसुद्धा, पण ते बोलत होते तेव्हा समजलं आणि घरी येऊन पानं उघडली तर पुन्हा सगळं अंधुक. एकेका आयटमचं वर्णन आठ-आठ ओळींचं, सगळं इंग्रजीत. "प्रोव्हायडिंग अँड लेइंग" पासून सुरू होतं आणि "इन्क्लुडिंग ऑल लीड्स अँड लिफ्ट्स, कम्प्लीट" वर संपतं. हे ग्रामसभेत वाचलं तर माणसं पाच मिनिटांत उठून जातील.

माझे प्रश्न असे. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता अशा दोन मान्यता कशाला? दोन्हींवर रक्कम लिहिलेली आहे. वर्णनात सगळे लीड आले म्हणतात, मग मागे लीडचा वेगळा तक्ता का जोडला आहे? त्यात मुरमाचा लीड १४ किलोमीटर आहे, आणि मुरूम तर जवळच्या टेकडीवरून येताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. बी-१ म्हणजे काय? "१४ टक्के बिलो" हे नेमकं कशाच्या चौदा टक्के? बिलातून एक टक्का, दोन टक्के असं काय काय कापतात? हे मला आधी कळायला हवं, कारण गावात टक्का या शब्दाचा एकच अर्थ घेतला जातो. मी "टक्के" म्हटलं की मागच्या रांगेतून हसू येतं.

शेवटचा प्रश्न ब्रास आणि घनमीटरचा. अंदाजपत्रकात मुरमाचा थर १५ सेंटीमीटर, म्हणजे ८१ घनमीटर आहे. बारावीत शिकणाऱ्या एका मुलानं पारावर बसून वहीत ट्रॅक्टरच्या खेपा मांडल्या आहेत. एकूण २९ खेपा झाल्या. आमच्याकडच्या ट्रॉलीत एक ब्रास माल बसतो. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा २९ ब्रासचे ८२ घनमीटर होतात. हिशेब जुळला म्हणून मला बरं वाटलं. हे तरी मी बरोबर केलं ना?

काँक्रीट येत्या सोमवारपासून सुरू होणार आहे. जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त शाखा अभियंता, अमरावती विभाग)

सरपंचताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सोमवार जवळ आला आहे. तुमचा हिशेब जुळलेला नाही. अंदाजपत्रकातले ८१ घनमीटर हे पाणी मारून, रोलर फिरवून दबलेल्या थराचं माप आहे, आणि ट्रॉलीत येतो तो सैल मुरूम. रोलरखाली तो बसतो. दबलेला १ घनमीटर थर मिळवायला साधारण १.२५ ते १.३ घनमीटर सैल माल लागतो. म्हणजे तुमच्या थराला १०० ते १०५ घनमीटर सैल मुरूम हवा, त्याच्या ३६-३७ खेपा होतात. २९ खेपांमध्ये थर ११-१२ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. ट्रॉली शीग लावून भरली असेल तर थोडा फरक पडतो, म्हणून लगेच कोणावर आरोप करू नका. मधोमध आणि दोन्ही कडांना, असे चार-पाच ठिकाणी लहान खड्डे घ्यायला लावा आणि पट्टी उभी धरून थर मोजा. मोजताना अभियंता हजर हवा आणि मोजणी मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, चढायला हवी. एकदा काँक्रीट पडलं की खालचं माप कोणालाच घेता येत नाही, म्हणून झाकल्या जाणाऱ्या थराची नोंद त्याच वेळी झाली पाहिजे.

आता पैशाचं बघू. तुमच्या गोषवाऱ्याच्या पानावर आयटमांची बेरीज किती आहे ते सांगा, मग बाबांचं उत्तर आकड्यांत मांडून देतो.

धागाकर्ती

काका, खूप आभार. वाचून पोटात गोळाच आला, पण वेळेवर कळलं हे बरं झालं. आयटमांची बेरीज १२,१५,००० आहे. खाली जीएसटी १८ टक्के, २,१८,७००. त्याखाली रॉयल्टी (मुरूम, खडी काढल्याबद्दल सरकारला भरायचे पैसे), साहित्य तपासणी, आकस्मिक खर्च वगैरे मिळून ६६,३००. एकूण १५,००,०००.

प्रतिसाद (निवृत्त शाखा अभियंता)

मग बघा. फलकावरचे १५ लाख ही प्रशासकीय मान्यतेची रक्कम. शासनानं एवढंच म्हटलं आहे की हे काम गरजेचं आहे आणि त्यासाठी इतक्या खर्चाला आमची हरकत नाही. पैशाची तेवढी जागा राखून ठेवली, दिले कोणालाच नाहीत. तांत्रिक मान्यता अभियंत्याची असते. आराखडा बरोबर आहे, मापं बरोबर आहेत, दर चालू दरसूचीप्रमाणे लावले आहेत, याची जबाबदारी तो सहीनिशी घेतो. घरात मुलीचं लग्न ठरलं की वडील म्हणतात पाच लाखांपर्यंत करू, आणि मामा बसून मंडपाचा, किराण्याचा, कापडाचा हिशेब लिहितो. एकाचा होकार आणि दुसऱ्याचा हिशेब. ग्रामसभेत असं सांगितलं तर कळेल.

बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा. यात प्रत्येक आयटमचा दर शासनानंच लिहिलेला असतो आणि ठेकेदार एकच आकडा भरतो: याच्या इतके टक्के वर, किंवा इतके टक्के खाली. (बी-२ मध्ये तो प्रत्येक आयटमला आपला दर लिहितो.) तुमचे १४ टक्के हे १५ लाखांवरचे नव्हेत, निविदेला लावलेल्या १२,१५,००० वरचे आहेत. ते वजा केले की १०,४४,९०० उरतात, म्हणजे गावात बोलतात ते साडेदहा लाख. पण त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो, १,८८,०८२ रुपये. तो ठेकेदाराच्या हातातून शासनाकडे जातो. दोन्ही मिळून १२,३२,९८२. उरलेल्या रकमेतून रॉयल्टी, तपासणी असा प्रत्यक्ष झालेला खर्च भागतो आणि बाकीची रक्कम खर्चच होत नाही. बाबांना हेच सांगा: साडेचार लाख कोणाच्या घरात गेले नाहीत, त्यातले जवळपास एक लाख ९० हजार कर आहे आणि बरेचसे सरकारच्या खात्यातून निघालेलेच नाहीत. आणि ही बचत झाली तरी रस्त्याची जाडी एक सूतभरही कमी होता कामा नये. दर १४ टक्के खाली गेला आहे. माप खाली जात नसतं. हे वाक्य ठेकेदारासमोर म्हणा.

दर बराच खाली असला की ठेकेदाराकडून जादा अनामत घेतात, ती घेतली का तेही विचारा. इतक्या खाली जाऊन काम अर्धवट सोडलं तर शासनाच्या हाती काहीतरी असावं, यासाठी ती असते.

लीड म्हणजे माल जिथून निघतो तिथपासून कामापर्यंतची वाहतूक, आणि लिफ्ट म्हणजे माल वर चढवणं. "ऑल लीड्स" हे वाक्य ठेकेदारासाठी आहे: वाहतुकीचे वेगळे पैसे मागायचे नाहीत. मागचा लीड तक्ता त्या दरात वाहतूक किती धरली ते दाखवतो. १४ किलोमीटर बहुधा मंजूर खाणीपासून धरले असतील, लीड नकाशा मागा, त्यात दिसेल. मुरूम खरंच टेकडीवरचा असेल तर दोन गोष्टी बघायच्या: तो मुरूम तपासणीत पास झाला का, आणि त्याची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या आहेत का. पावत्यांवर खाणीचं ठिकाण असतं. पावत्या दिल्या नाहीत तर रॉयल्टीची रक्कम बिलातून कापायची असते.

प्रतिसाद (मजूर सहकारी संस्थेचा सभासद, वाशीम जिल्हा)

ताई, कापल्या जाणाऱ्या टक्क्यांचं मी सांगतो, आम्ही दर बिलाला भोगतो. आयकर एक टक्का, कंपनी किंवा संस्था असेल तर दोन. जीएसटीची मुळातली कपात दोन टक्के, करार अडीच लाखांच्या वर असेल तर. बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर एक टक्का. शिवाय सुरक्षा अनामत रोखून धरतात, ती दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर परत मिळते. या सगळ्याला चलन असतं, खातं असतं. ग्रामसभेत टक्का म्हणूच नका, "शंभर रुपयाला एक रुपया कामगारांच्या मंडळात" असं सांगा. त्या उपकरातूनच नोंदणी झालेल्या बांधकाम मजुरांना योजनांचा लाभ मिळतो. तुमच्या गावात मिस्त्रीकाम करणारी पोरं असतील तर नोंदणीचं त्याच सभेत सांगून टाका.

आणखी एक. काँक्रीटच्या आयटममध्ये "इन्क्लुडिंग क्युरिंग" लिहिलेलं आहे का बघा. म्हणजे पाणी मारायचा खर्च दरातच आला. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात रस्त्याला तडे जातात ते पाण्यावाचूनच. ठेकेदार ग्रामपंचायतीचा नळ मागायला आला तर टँकर त्यालाच आणायला सांगा.

धागाकर्ती

क्युरिंग लिहिलेलं आहे, आणि नळ मागायला ते कालच येऊन गेले. उन्हाळ्यात आम्हाला दोन दिवसांआड पाणी मिळतं. आज फोन करून टँकरचं सांगितलं.

काका, शाखा अभियंता साहेब शनिवारी सकाळी आले. आरडाओरडा काही झाला नाही. सब्बल घेऊन चार ठिकाणी खड्डे घेतले आणि वहीवाला मुलगा पट्टी धरून खाली बसला. पाराजवळ १४, मधे १२ आणि ११, शाळेच्या फाटकाशी कडेला साडेनऊ. तो आकडे मोठ्यानं वाचत होता आणि साहेब लिहीत होते. बाबा काठी टेकून शेजारीच उभे होते. शेवटचा आकडा आल्यावर साहेबांनी ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं की सोमवारचं काँक्रीट थांबवा, मुरूम आणा, पुन्हा रोलर फिरवा, मग मला बोलवा. काल आणि आज मिळून आणखी नऊ खेपा पडल्या. गुरुवारी फेरमोजणी आहे.

एक विचारायचं राहिलं. काँक्रीट पडताना सिमेंटची पोती मोजायची म्हणते तो मुलगा. वर्णनात काँक्रीटची प्रत एम-२० लिहिली आहे. किती पोती लागायला हवीत?

प्रतिसाद (निवृत्त शाखा अभियंता)

एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात करणार असतील तर एका घनमीटरला साधारण ८ पोती. काँक्रीटचा थरही १५ सेंटीमीटरच असेल तर त्याच्या ८१ घनमीटरला ६५० च्या आसपास. मिक्स डिझाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेनं ठरवून दिलेल्या मिश्रणाचा, अहवाल असेल तर पोती थोडी कमी येतील, मग तो अहवाल मागून त्यातला आकडा धरा. रिकामी पोती रोज संध्याकाळी मोजायला सांगा त्याला, आणि क्यूब, म्हणजे तपासणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे, भरताना हजर राहायला सांगा. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडतात, त्या निकालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फाइलला लावून घ्या.

धागाकर्ती

त्याला कळवलं. नवीन वही आणायला पैसे मागून गेला आहे.