युद्धात पलटणीला धर्मगुरू लागतो का?

औसेकर (लातूर)
परवा सप्त्याच्या पंगतीत एका पोरानं आमच्या थोरल्या भावाला विचारलं, "सरकार जवानांसाठी पगारी पुजारी कशाला ठेवतं?" दादा मराठा पलटणीतले निवृत्त हवालदार. ते गप्प जेवत राहिले. मला राहवलं नाही, म्हणून इथं मांडतो.

सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असतात, नायब सुभेदार हुद्द्यावर. दादांचा जोडीदार गेला त्या रात्री पंडितजींनी एकही मंत्र म्हटला नाही. बंकरमध्ये नुसते शेजारी बसले. जोडीदाराच्या खिशात तुळजापूरच्या कुंकवाची पुडी निघाली, ओली झालेली. ती त्यांनी शेगडीजवळ वाळवली, कोऱ्या कागदात बांधली आणि घरी जाणाऱ्या सामानात ठेवली. साहेबापुढं जवान रडत नाही. दादा पंडितजींपुढं रडले.

परभणीची वाचक
दादांना नमस्कार सांगा. पण शेजारी बसायला धर्म कशाला लागतो? मनाचे आजार कळणारा माणूस नेमा. महार रेजिमेंटची घोषणा "बोलो हिंदुस्थान की जय", मराठ्यांची छत्रपतींच्या नावाची. दोन्हींत देव नाही, तरी पोरं लढलीच की! आणि श्रद्धा हुकमात मिसळली की काय होतं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसलं. एक ख्रिस्ती अधिकारी रेजिमेंटच्या देवळाच्या गाभाऱ्यात जायला तयार नव्हता. त्याला बडतर्फ केलं, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. त्याचा देव कुठं गेला?

निवृत्त सुभेदार, नांदेड
ताई, जवान जिथं माथा टेकवतो तिथं त्याचा साहेब उंबऱ्याबाहेर थांबला, तर उद्या गोळीबारात तो जवान त्याच्या मागं कसा जाईल? मी हिंदू घरचा, पण हुजूर साहिबच्या सावलीत वाढलो. शीख जवानांसोबत अरदासला उभा राहिलो, माझं काही बाटलं नाही. ३ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकेचं डॉर्चेस्टर जहाज बुडताना चार धर्मगुरूंनी, त्यात एक ज्यू रब्बी, आपली जीवरक्षक जॅकेटं दुसऱ्यांना देऊन टाकली. कोणाचा धर्म कोणता, हे त्यांनी विचारलं नाही.

छावणीकर (छ. संभाजीनगर)
सुभेदारसाहेब, जर्मन शिपायांच्या पट्ट्याच्या बकलावर "देव आमच्यासोबत" असं कोरलेलं असायचं. हिटलरच्या सैन्यातही. दोन्हीकडच्या बंदुकांना आशीर्वाद मिळतो, मग मारणं सोपं होतं. मला भीती त्याची आहे.

औसेकर
छावणीकर, ती भीती खरी आहे. बंदुकीला आशीर्वाद देणारा मलाही नको. १९४९ च्या जिनिव्हा करारात धर्मगुरूला डॉक्टरच्या रांगेत बसवलंय. पकडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही, कैदेतल्या जवानांना गरज असेल तेवढाच ठेवून घेता येतो. मला धर्मगुरू हवा तो एवढ्यासाठी. आणि ताई, त्या अधिकाऱ्याला गाभाऱ्याबाहेर उभं राहू द्यायला हवं होतं, असंच मला वाटतं. सुभेदारसाहेबांना पटणार नाही, तरी.

मनाचा डॉक्टर जरूर नेमा. तुमचं म्हणणं मी दादांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "तो चौकीपर्यंत चढून येणार असंल तर येऊ दे. पंडितजी रेशनच्या पोरांसंगं चालत आले होते."