पहिले घर, तेही पडीक : आधी हात कशाला घातला?

मराठवाड्यात पहिले घर घेणाऱ्या अनेकांच्या वाट्याला नवा फ्लॅट येत नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबाने कुलूप लावून ठेवलेले गावठाणातले घर किंवा वर्षानुवर्षे डागडुजी न झालेले बैठे घर येते. हाताशी पैसा थोडा आणि कामे मात्र संपता संपत नाहीत. म्हणून रंग आणि ओट्याच्या ग्रॅनाइटविषयी नव्हे, तर सर्वांत आधी कोणते काम हाती घेतले, ते का घेतले आणि कोणते मुद्दाम मागे ठेवले, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

शिक्षक, औसा तालुका

आमचे घर दगड-मातीचे आणि माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी प्रचंड प्राणहानी झाली, ती मुख्यतः अशाच घरांत झाली. मातीत रचलेल्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले. त्यामुळे घर घेताच 'पाडा आणि पिलर उभे करा' हा सल्ला प्रत्येकाने दिला. तेवढा पैसा नव्हता, आणि भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या काळात घरांच्या मजबुतीकरणावर काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी घर पाहून पाडण्याची गरज नसल्याचे सांगितले.

पहिले काम ओझे उतरवण्याचे होते. गळती थांबवण्यासाठी दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, अशी रीत चालत आल्यामुळे माळवदावर दीड फुटाहून अधिक माती साचली होती. ती थराथराने खाली घेतली, खालच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, जाड प्लास्टिक अंथरले आणि त्यावर आठेक इंचच माती ठेवून व्यवस्थित ढाळ काढला. दुसरे काम भिंतींचे. आमच्याकडची दगडी भिंत बाहेरून एक दिसली, तरी आत आणि बाहेर अशा तिच्या दोन वेगळ्या बाजू असतात आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असते. या दोन बाजूंना बांधणारे आरपार दगड नसतील, तर बाहेरची बाजू हळूहळू सुटून भिंतीला पोट येते. मागच्या भिंतीचे असेच झाले होते. तेवढा भाग उतरवून नव्याने रचला. उरलेल्या भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड हलकेच काढून आरपार भोक पाडले, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवली आणि काँक्रीट भरले. भोके एकाच वेळी सगळीकडे पाडायची नसतात. एक जागा पक्की झाल्यावर पुढची घ्यायची. गिलाव्याला अजून हात लावलेला नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आतच कोंडते, हे गल्लीतल्या दोन घरांत दिसतेच आहे. पुढच्या वर्षी चुन्याचा करणार आहोत.

बँक कर्मचारी, परभणी

आमच्या अडचणीचे मूळ काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते, आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर घर तिच्याबरोबर वर-खाली होते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या होत्या आणि आधीच्या मालकांनी त्या वेळोवेळी पुट्टीने बुजवल्या होत्या. आम्ही पुट्टी काढून भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. मे महिन्यात पट्टी तडकली, पावसाळ्यात भेग पुन्हा मिटू लागली. म्हणजे भिंत नव्हे, खालची माती हलत होती. न्हाणीचे पाणी परसात लिंबाच्या आळ्यात सोडलेले होते आणि ते आळे भिंतीला अगदी लागून होते, एवढ्या एका गोष्टीत अर्धा उलगडा झाला. पाणी पाइपने लांब नेले, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली काँक्रीटची पट्टी केली आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला. त्यानंतरच भेगा खोदून, जाळी ठोकून भरल्या. पाहुण्यांना वर्षभर त्या भेगा दिसत राहिल्या, याचे वाईट वाटून घेऊ नये.

गृहिणी, अंबाजोगाई

मधल्या खोलीतली शहाबादी फरशी एका ठिकाणी दबत होती. ठोकून पाहिली तर पोकळ आवाज आला. एक फरशी काढल्यावर खाली धान्याचे जुने पेव निघाले, आणि त्याचे तोंड नुसत्या लाकडी फळीने झाकलेले होते! सासूबाईंनी कोणालाही लगेच आत उतरू दिले नाही. बंद पेवातली हवा जीवघेणी असते. पूर्वी पेव उघडून ठेवत आणि दिवा आत सोडून तो विझत नाही ना, हे पाहूनच माणूस उतरे. ते नंतर मुरूम टाकून थराथराने पाणी मारत आणि धुमसाने ठोकत भरले. जुन्या वाड्याचा भाग विकत घेणाऱ्यांनी फरशी बदलण्याआधी शेजारच्या वृद्ध माणसांना पेव कुठे होते, हे विचारावे.

यंत्रचालक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

मी आधी वायरिंग बदलले, कारण अर्थिंगच नव्हते. दिव्यांना १.५ आणि सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तसेच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) घातली. स्लॅबच्या सळया गंजून फुगल्यामुळे खालचे काँक्रीट सुटत होते, परंतु गच्चीतले पाणी मुरणे थांबेपर्यंत खालून मलमपट्टी करण्यात अर्थ नव्हता. म्हणून आधी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी न मुरू देणारा थर केला.

वकील, धाराशिव

कर्जाचा मुद्दा कोणी लिहिला नाही. दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला, स्वतः राहत्या घरासाठी, जुन्या करप्रणालीत वर्षाला कमाल ३०,००० रुपयांचीच वजावट मिळते. खरेदीच्या कर्जाला ही मर्यादा २ लाखांची आहे. म्हणून खरेदी आणि दुरुस्तीचा हिशेब आधीच वेगळा मांडून ठेवावा. गावठाणातल्या घराबाबत नुसत्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर विसंबू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते. ती पाहून, हद्द जागेवर ताडून मगच सामाईक भिंतीला हात लावावा. माझ्याकडे येणारे निम्मे वाद सामाईक भिंतीचेच असतात.

कंत्राटदार, लातूर

गुढीपाडव्यानंतर सगळेच काम काढतात आणि मृगाच्या आत संपवायची घाई करतात. माळवद आणि गच्चीपुरती ती घाई योग्य आहे. स्लॅब, कॉलम आणि गिलावा मात्र दिवाळीनंतर करावा, असे माझे मत आहे, कारण काँक्रीटला किमान सात दिवस, आणि सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला दहा दिवस, सतत ओले ठेवावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराने तहान भागवली, तिथे एप्रिलमध्ये क्युरिंगचे पाणी कुठून आणणार? बोअरचे पाणी खारट असेल, तर सळई असलेल्या काँक्रीटसाठी ते तपासून घ्यावे. क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे. वर परभणीच्या साहेबांनी एक पावसाळा थांबल्याचे लिहिले आहे. तेवढे थांबणारे गिऱ्हाईक आम्हाला क्वचितच मिळते. बहुतेकांना वास्तुशांतीची तारीख आधी ठरवायची असते आणि भेगा नंतर पाहायच्या असतात.