विषय: शनिवारची सायकल सहल – स्टोपासून मोरटनपर्यंत कोणत्या वाटेने यायचे?

प्रेषक: अनघा

सप्रेम नमस्कार.

शेवटचा टप्पा आज रात्रीपर्यंत ठरला नाही तर मला नकाशाची फाइल कोणालाही पाठवता येणार नाही, म्हणून हे पत्र. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांमधल्या मोरटन-इन-मार्शला आगगाडीतून उतरून पॅक्सफर्डवरून चिपिंग कॅम्पडेन, तिथून ब्रॉडवे टॉवर, मग स्नोज्‌हिल आणि स्टो-ऑन-द-वोल्ड, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. स्टोहून मोरटनला फॉस वेने परतायचे असे बैठकीत ठरले होते, कारण नकाशावर तो पट्टीने आखल्यासारखा सरळ आणि जेमतेम सात किलोमीटरचा दिसतो. गेल्या रविवारी मकरंद आणि मी तो टप्पा प्रत्यक्ष चालवून पाहिला. रस्ता रोमनांनी सरळ आखला हे खरे, परंतु आज तोच ए ४२९ हा मोठा रहदारीचा रस्ता आहे. कडेला सायकलपुरतीही मोकळी जागा नाही आणि मालट्रक कोपराला वारा लावून जातात. स्टोचा उतार संपेपर्यंत मी ब्रेक इतके आवळून धरले होते की मोरटनला चहाचा कप उचलताना डाव्या हाताची बोटे उघडेनात. पहिल्यांदाच येणाऱ्या पाच जणांना मी त्या रस्त्यावर नेणार नाही.

माझी सूचना अशी की स्टोहून डेल्सफर्डमार्गे किंगमला जावे आणि तिथेच सहल संपवावी. लंडनकडे येताना मोरटननंतरचे स्टेशन किंगमच असल्यामुळे आपली ठरलेली गाडी तिथेही मिळेल. कोणाची हरकत आहे का?

प्रेषक: श्रीकांत

अनघाताई, हरकत आहे.

चौदापैकी नऊ जणांची तिकिटे ॲडव्हान्स प्रकारातील आहेत. ती स्वस्त पडतात म्हणून मीच आग्रहाने काढायला लावली. या तिकिटावर ठरलेल्याच गाडीने आणि ठरलेल्याच स्टेशनवरून प्रवास करावा लागतो. मधल्या स्टेशनवर चढणे किंवा उतरणे त्यात बसत नाही. ज्यांच्याकडे ऑफ-पीक (कमी गर्दीच्या वेळेचे) तिकीट आहे त्यांना किंगमला चढता येईल. उरलेल्यांनी तिकीट तपासनिसाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहावे काय? शिवाय सायकलींच्या जागा आगाऊ राखून ठेवाव्या लागतात, त्या थोड्याच असतात, आणि आपल्या साऱ्या जागा मोरटनपासून राखलेल्या आहेत. ऑक्सफर्डच्या फलाटावर गेल्या वर्षी काय झाले ते मी पुन्हा लिहीत नाही. तिकिटांविषयीचे बदल कृपया आधी मला विचारून सुचवावेत, एवढीच विनंती.

प्रेषक: विनायक

मंडळींनो, गाडीचा हा सगळा घोळ मूळ सूचना न मानल्यामुळे झाला आहे. चार मोटारी, मागे सायकलींचे रॅक, आणि मोरटनला उभ्या करण्याची जागा, असे मी पहिल्याच पत्रात लिहिले होते. फॉस वेची एवढी भीती कशासाठी, हेही कळले नाही. तरुणपणी आम्ही पुण्याहून बोपदेव घाट चढून सासवडला जात असू, तेही गिअर नसलेल्या सायकलीवर आणि ऊस भरलेल्या ट्रकांच्या रांगेतून. ज्याने बोपदेव चढला त्याला कॉट्सवोल्डच्या टेकड्या म्हणजे अंगणातला उंबरठा. कॉट्सवोल्डचा सर्वांत उंच माथा, क्लीव्ह हिल, तोसुद्धा ३३० मीटरच भरतो. आमचे पुणे शहरच साडेपाचशे मीटरवर वसलेले आहे.

प्रेषक: रेवती

विनायककाका, आदर राखून लिहिते. समुद्रसपाटीपासूनची उंची पायांना कळत नाही, चढ कळतो. बोपदेव एकदा चढला की चढला; माथ्यावर थांबून उसाचा रस प्यायचा आणि पलीकडे उतरायचे. इथे तसे होत नाही. चढ संपतो न संपतो तोच उतार लागतो, उतारात कमावलेला वेग ओढ्यावरच्या अरुंद पुलाशी ब्रेक लावून घालवावा लागतो, आणि पूल ओलांडताच पुढचा चढ समोर उभा असतो. असे दिवसभर पंधरा-वीस वेळा होते. मागच्या वेळी स्नोज्‌हिलच्या वरच्या वळणावर मी चढ सुरू झाल्यावर गिअर बदलायला गेले, साखळी निसटून चाक आणि दांडा यांच्यामध्ये अडकली आणि ती काढताना माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले. तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: चढ दिसताच, पायावर जोर येण्याच्या आधी, गिअर हलका करावा.

प्रेषक: वसुधा

सर्वांना नमस्कार.

वाटेची चर्चा चालू द्या, मात्र डब्यांविषयी काही जण परस्पर एकमेकांना कळवत आहेत असे कानावर आले. डब्यांचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडेच आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी बटाट्याची भाजी, एवढेच असेल. रश्शाचा पदार्थ पाठीवरच्या पिशवीत काय करतो ते मागच्या वेळी आपण पाहिले आहे. जेवायला चिपिंग कॅम्पडेनच्या मार्केट हॉलमध्ये बसायचे. सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी तो १६२७ साली चीज, लोणी आणि कोंबड्या विकणाऱ्यांना आडोसा म्हणून बांधला. चारही बाजूंनी दगडी कमानी आहेत आणि वर छप्पर आहे, त्यामुळे पाऊस आला तरी चिंता नाही. खालची फरशी मात्र इतकी उंचसखल झिजलेली आहे की डबा ठेवला तर तो कलतो. प्रत्येकाने सतरंजीचा तुकडा आणावा.

‘बाजाराच्या गावांची सहल’ असे नाव दिल्यामुळे नव्या सभासदांनी खरेदीसाठी पिशव्या आणू का, असे विचारले आहे. चिपिंग या शब्दाचा जुना अर्थच बाजार, म्हणजे आपल्याकडची पेठ म्हणा. परंतु मोरटनचा बाजार मंगळवारी भरतो. आपण शनिवारी मंगळवार पेठेत चाललो आहोत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

प्रेषक: मकरंद

श्रीकांतदादांचा तिकिटांचा मुद्दा मान्य करूनही फॉस वे टाळता येतो, आणि तो कसा ते सांगण्यासाठी हे पत्र. स्टोहून ऑडिंग्टनच्या बाजूने डेल्सफर्डला यावे, तिथून किंगमकडे न वळता ए ४३६ ओलांडून ॲडलस्ट्रॉप गाठावे, आणि पुढे ईव्हनलोड गावावरून मोरटनला पोहोचावे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर पडते, म्हणजे फॉस वेच्या दुप्पट, पण ॲडलस्ट्रॉपनंतर रस्ता नदीच्या खोऱ्यातून जवळजवळ सपाट जातो आणि दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांशिवाय काही नाही. ॲडलस्ट्रॉपचे स्टेशन १९६६ साली बंद झाले, तरी त्याची जुनी पाटी गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावलेली आहे. तिथे पाच मिनिटे थांबून मागे राहिलेल्यांना गाठता येते.

डेल्सफर्डला थांबण्याचे आपल्याला विशेष कारण आहे. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने आपल्या पूर्वजांची ही जागा १७८८ साली परत विकत घेतली, त्याच वर्षी त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला, आणि १७९५ साली निर्दोष सुटल्यावर तो अखेरपर्यंत इथेच राहिला. १८१८ साली इथेच वारला आणि इथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरले. १८१८ हे पेशवाई संपल्याचेही वर्ष, हे मंडळाच्या सभासदांना मी सांगायला नको. त्याचे घर बांधणारा सॅम्युअल पेपीस कॉकरेल याने पुढे मोरटनजवळच सेझिनकोट येथे मोगली घुमटाचा वाडा बांधला. तो आपल्या वाटेवर नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.

प्रेषक: विनायक

वाट ठीक आहे, थांबा ठीक नाही. १७७९ साली वडगावला इंग्रजांनी जो करार लिहून दिला तो धुडकावून लावणारा हाच हेस्टिंग्ज. पुढे १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला तो याला युद्ध झेपेना म्हणून. त्याच्या थडग्यापाशी मंडळाच्या टी-शर्टात फोटो काढून ते वृत्तांतात छापणे मला तरी पटत नाही. मी स्टोहून ब्रॉडवेलमार्गे सरळ ईव्हनलोडला येईन. ती वाट लहान आहे, तिथेही ट्रक नाहीत, आणि कोणाच्या कबरीवरून जावे लागत नाही.

प्रेषक: श्रीकांत

विनायककाकांनी रागाने सुचवलेली ब्रॉडवेलची वाट मी नकाशावर पाहिली आणि ती खरोखरच उपयोगाची आहे. ती दहा किलोमीटरच्या आत बसते. ज्यांचे पाय स्टोच्या चौकापर्यंत येतानाच बोलू लागतील त्यांनी काकांबरोबर जावे, उरलेल्यांनी मकरंदबरोबर डेल्सफर्ड करावे. दोन्ही वाटा ईव्हनलोडला मिळतात, त्यामुळे सर्व जण मोरटनहून एकाच गाडीत बसतील आणि कोणाचेही तिकीट बदलावे लागणार नाही. अट एकच: स्टोहून निघण्याची वेळ दोन्ही गटांनी पाळावी. चौकात चहासाठी थांबलात तर तिथली दुकाने माणसाला धरून ठेवतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

प्रेषक: रेवती

स्टोच्या चौकात जास्त थांबता येणारच नाही, कारण ते गाव सुमारे अडीचशे मीटरच्या टेकडीवर उघडे बसले आहे आणि घामेजलेल्या पाठीला तिथला वारा झोंबतो. इंग्रज लोकांची त्या वाऱ्यावर म्हणच आहे. घडी होणारे जाकीट सर्वांनी आणावे.

प्रेषक: अनघा

दोन्ही वाटांच्या फाइली आज रात्री पाठवते. चौकातून निघण्याची वेळ साडेतीन. मकरंदच्या गटात नऊ नावे आली आहेत, काकांच्या गटात पाच, आणि त्या पाचांत चार जण पहिल्यांदाच येणारे आहेत. पंक्चर काढता येणारे आपल्यात दोघेच, मकरंद आणि रेवती, आणि दोघांनीही डेल्सफर्डकडे नाव दिले आहे. त्यांपैकी एकाने काकांबरोबर जावे लागेल. रेवती, तू जाशील का? काकांच्या सायकलीचे टायर कोणत्या मापाचे आहेत तेही विचारून ठेव, कारण पिशवीतल्या सगळ्या ट्यूब सातशेच्या आहेत.

प्रेषक: रेवती

जाईन, पण वाटेत बोपदेवचा विषय निघणार नाही असे काकांनी लेखी द्यावे.