शंख-शिंपल्यांच्या पीएच.डी.ला सरकारने पैसे का द्यावेत?

खाडीकाठ
भाचीने पीएच.डी.साठी विषय घेतलाय : गुजरातच्या किनाऱ्यावरच्या हडप्पाकालीन वस्त्यांमधले लोक समुद्रातून काय काढत आणि त्याचं काय करत. जेआरएफ, म्हणजे सरकारची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली आहे. घरातले विचारतात, याला सरकारने पैसे का द्यायचे? माझं ठाम मत आहे की द्यायलाच हवेत.

द्वारकेजवळचं नागेश्वर घ्या. बडोद्याच्या विद्यापीठाने तिथे 1983-84 साली उत्खनन केलं. शंख कापून बांगड्या आणि दुसऱ्या एका काटेरी शंखापासून पळ्या बनवणारी वस्ती होती ती. साडेचार हजार वर्षांपूर्वी कच्छच्या आखातातला शंख बांगडी होऊन दूरदूरच्या शहरांत जात होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या हडप्पा शहरात शिंगाळा या समुद्री माशाची हाडं सापडली आहेत, म्हणजे सुकी मासळीही तिथवर जात असणार. राजांची नावं माहीत नसलेल्या त्या काळातल्या कष्टकऱ्यांचा इतिहास आपल्याला असाच कळतो, दुसरा मार्ग नाही.

हिशेबनीस
आकडे मांडतो. जेआरएफ महिना 37,000, पहिली दोन वर्षं. मग एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, 42,000, तीन वर्षं. एका विद्यार्थ्यावर 24 लाख, घरभाडं वेगळं. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत बर्फाची सोय नाही, मासळी सुकवायला धड ओटे नाहीत. प्रबंध इंग्रजीत लिहिला जाणार, आठ-दहा जण वाचणार. इतिहासाला माझा विरोध नाही. आधी काय आणि मग काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

मातीतला
हिशेबनीस, ते 24 लाख म्हणजे पाच वर्षं पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाचं पोट आहे. संशोधनाच्या खर्चाला काय मिळतं ते बघा. पुरातत्त्व मानव्यविद्येत मोडतं, म्हणून आकस्मिक खर्चाला पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000. त्यात उत्खननाच्या जागी जाणं-येणं, नमुने आणि प्रयोगशाळा सगळं बसवायचं. काम मात्र प्रयोगशाळेतलं असतं. माशाच्या मणक्याच्या मापावरून मासा केवढा होता ते काढतात. कानातल्या खड्यावरच्या वाढीच्या रेषांवरून तो कोणत्या हंगामात धरला ते कळतं. शिंपल्याच्या कडेच्या थरातला ऑक्सिजन तपासला की तो गोळा केला तेव्हा पाणी गार होतं की कोमट, याचा अंदाज येतो. कार्बन कालमापनात समुद्री शिंपले साधारण चारशे वर्षांनी जास्त जुने दिसतात, आणि ही दुरुस्ती प्रत्येक किनाऱ्याला वेगळी लागते. ती आपल्या किनाऱ्यांसाठी आपणच काढायला हवी.

आता उपयोगाचं बोलतो. देशात किनाऱ्यावर उतरवलेल्या मासळीच्या पद्धतशीर नोंदी स्वातंत्र्याच्या आसपास सुरू झाल्या. त्याआधी समुद्रात काय होतं, केवढं होतं, ते कशावरून ठरवणार? कराचीच्या पश्चिमेला बालाकोट नावाची हडप्पाकालीन वस्ती आहे, तिथल्या हाडांत एकाच जातीचा मासा बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. अशी माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही.

अष्टागर
मासा कमी झाला हे कळायला साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हाड कशाला पाहिजे? माझ्या बापाला विचारा. पर्ससीन जाळ्यांची आणि एलईडी दिव्यांची बेकायदा मासेमारी थांबवायला गस्तीच्या बोटी नाहीत, डिझेलचा परतावा महिनोन् महिने अडकतो. आणि संशोधक येतात, माशांची नावं विचारतात, जाळ्यांचे फोटो काढतात आणि जातात. पुन्हा कोणी फिरकत नाही. राग त्याचा आहे, शिकण्याचा नाही.

मातीतला
अष्टागर दादा, फिरकत नाहीत हे खरं आहे आणि ते चूकच आहे. पण "नंतर बघू" म्हणायला ही ठिकाणं थांबत नाहीत. नागेश्वरची बरीच माती तलावाच्या बांधासाठी उचलली गेली. उत्खनन झालं ते उरलेल्या भागात. गस्तीची बोट पुढच्या अर्थसंकल्पातही घेता येईल. बांधाखाली गेलेली वस्ती मिळणार नाही.

हिशेबनीस
पुढच्या अर्थसंकल्पात घेऊ, हे कोळीवाडे किती वर्षं ऐकतायत? हा युक्तिवाद मला पटत नाही.

कालवंवाली
आई अजून उधाणाच्या ओहोटीला कालवं काढायला जाते. घरात पैसा येतो, पण मासेमारीच्या आकडेवारीत तिचं काम कुठेच नसतं, कारण तिच्याकडे होडी नाही. जुन्या वस्त्यांत मात्र शिंपल्यांचे थर सापडतात, ते मोजले जातात, आणि काठावर फिरून गोळा करणाऱ्यांचा वाटा दिसतो. बऱ्याच किनाऱ्यांवर हे काम आजही बायकाच करतात. म्हणून मी या संशोधनाच्या बाजूने आहे. पण माझी एक अट आहे. कोणतं शिंपलं चिखलातलं, कोणतं खडकावरचं, कोणतं कधी भरलेलं असतं, हे संशोधक आमच्या बायांकडून शिकत असतील, तर त्या दिवसांची मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा आणि प्रबंधात त्यांची नावं घाला. चहा पाजून आभार मानणं पुरेसं नाही.

खाडीकाठ
ताई, हे भाचीला आजच सांगते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने गुजरातच्या पुरातत्त्व खात्याबरोबर कुंतासी या हडप्पाकालीन वस्तीत उत्खनन केलं, तिथेही खाडीकाठचे लोक होतेच. अशा कामात त्यांना बरोबरीची जागा हवी.

हिशेबनीस
कालवंवाली यांची अट मान्य असेल तर माझा निम्मा विरोध मागे घेतो. उरलेल्या निम्म्यासाठी माझीही एक अट : शेवटच्या वर्षाची फेलोशिप देण्याआधी गुजरातीत किंवा मराठीत वीस पानांचा अहवाल किनाऱ्यावरच्या गावांत पोचलेला असावा.

मातीतला
अहवाल हवाच, पण फेलोशिप त्याला बांधू नका. आधीच हप्ते उशिरा येतात, पोरं उसनवारीवर दिवस काढतात. अहवाल छापायचा खर्च विद्यापीठावर टाका.

अष्टागर
कोणावरही टाका. गावात आणून वाचून दाखवा, तेव्हा मी येईन ऐकायला.