माळ्यावर बारा इंची चंदेरी चकत्या सापडल्यात, काय करू?

शाहूपुरीकर
मामांच्या माळ्यावर एक जडशीळ प्लेयर आणि काही चकत्या मिळाल्या. दिसायला सीडीच, पण जेवणाच्या ताटाएवढ्या. मामा तेव्हा अमेरिकेत होते. डीव्हीडीत कॉपी करून मिळतील का? घरचे म्हणतात भंगारात घाल.

लक्ष्मीपुरीचा मेकॅनिक
भंगारात नको घालू भावा. ही लेसरडिस्क. 1978 च्या डिसेंबरात अमेरिकेत अटलांटात पहिल्यांदा विकायला आली, फिलिप्स आणि एमसीए या कंपन्यांची. वाचतंय लेसरच, पण आतलं चित्र ॲनालॉग, म्हणजे सीडीसारखं आकड्यांत नाही. टीव्हीचा सिग्नलच चकतीतल्या बारीक खड्ड्यांच्या लांबीत आणि अंतरात उतरवलेला. त्यामुळं कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा इथं काही उपयोग नाही.

चकत्या दोन प्रकारच्या. कव्हरवर सीएव्ही लिहिलेलं असेल तर एका बाजूला अर्धा तास, आणि पॉज केलं की चित्र जराही हलत नाही. सीएलव्ही असेल तर तासभर, पण जुन्या प्लेयरवर पॉज केलं की पडदा कोरा. बाजू संपली की उठून उलटायची!

राजारामपुरी_९वी_गल्ली
काका, सुईवर चालणारी व्हिडिओ डिस्क पण होती ना?

लक्ष्मीपुरीचा मेकॅनिक
होती की. आरसीए कंपनीची, 1981 ची. प्लास्टिकच्या डब्यासकट आत सारायची, डबा रिकामा बाहेर काढायचा, हात लावायचं कामच नाही. 1984 ला प्लेयर बनवणं बंद. दोन्हींवर घरी रेकॉर्डिंग होत नव्हतं, तिथंच कॅसेट पुढं गेली. आपल्याकडं तर व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर पिक्चर, आणि लग्नाची शूटिंग पण कॅसेटवरच. माझ्या मते आपल्या घरात डिस्क खरी आणली ती व्हीसीडीनं: 1993 चं स्टँडर्ड, एका चकतीत 74 मिनिटं, पिक्चरला दोन-तीन चकत्या. चित्र कॅसेटएवढंच, पण रिवाइंडची कटकट गेली.

प्लेयरच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेज किती लिहिलंय?

शाहूपुरीकर
120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. झाकण वरून उघडतंय.

लक्ष्मीपुरीचा मेकॅनिक
मग आपल्या प्लगात थेट घालशील तर जळणार बघ. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लाव. वरून उघडणारा म्हणजे बहुतेक गॅसच्या लेसर नळीचा; ती गेली असेल तर मिळणं अवघड. नळी पेटली तर प्लेयरचं व्हिडिओ आउट कॉम्प्युटरच्या कॅप्चर कार्डाला (बाहेरचा व्हिडिओ कॉम्प्युटरात रेकॉर्ड करणारं कार्ड) जोड, त्यात एनटीएससी (अमेरिकेतल्या टीव्ही सिग्नलची पद्धत) निवड, कॉपी होईल. आधी चकती उजेडात धरून बघ, कडेला काळपट ठिपके असतील तर आतला ॲल्युमिनियमचा थर खराब झालाय. तसली शेवटी लाव.

शाहूपुरीकर
दोन चकत्यांवर ठिपके हायत. बाकीच्या आधी लावतो. ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा घेऊ?